आटे पाडायचेत तर पाईप जाड घ्या

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुराकडच्या जुन्या बिल्डिंगांत टाकीच्या लायनी बदलायची कामं निघाली की कोटेशनमध्ये नुसतं 'एक इंची जीआय' (जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाईप) लिहिलेलं असतं, क्लासचा, म्हणजे पाईप किती जाड त्याचा, पत्ताच नाही, आणि सगळ्यात स्वस्त कोटेशन पास होतं. माझं अख्खं आयुष्य मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) पाईप फिटिंगमध्ये गेलं म्हणून हे बघून जीव तुटतो हो.

दुकानदार सांगतो पाण्याच्या प्रेशरला लाईट क्लास, म्हणजे सगळ्यात पातळ पाईप, भरपूर झाला. प्रेशरपुरतं खरंय त्याचं, दहा किलो प्रेशरला एक इंची पाईपला पाव मिलिमीटरसुद्धा जाडी लागत नाही. पण जोडासाठी टोकाला आटे (पेच) पाडायची डाय फिरवली की ते आटे धातू खातात त्याचं काय? एक इंची लाईट पाईप 2.6 मिलिमीटरचा, मीडियम 3.2, हेवी 4. आपल्याकडच्या आट्यांची खोली जवळपास दीड मिलिमीटर, शिवाय कारखान्याला थोडी कमी जाडी द्यायची सूट असते, लाईटला 8 टक्के आणि बाकी दोघांना 10. म्हणजे आट्याच्या तळाशी लाईटमध्ये एक मिलिमीटरसुद्धा उरत नाही, हेवीत मात्र दोनच्या वर उरतं. आणि आटे पाडले की तिथलं जस्तही गेलं, मग गंज नेमका त्या उरलेल्या पत्र्यालाच लागतो.

सॉकेटच्या (दोन पाईप जोडणाऱ्या तुकड्याच्या) बाहेर जे दोन-तीन आटे उघडे राहतात ना, तिथे बघा, आधी लाल पावडर दिसते, मग ओल, आणि एक दिवस कोणी पाना लावला की पाईप तिथेच कट्टकन तुटतो. पंपाजवळ तर हादऱ्याने आणखी लवकर जातो.

कंपनीत 250 पीएसआयच्या (सुमारे साडेसतरा किलो प्रेशरच्या) वर वाफ असेल आणि जोड आट्यांचा असेल तर अमेरिकन पॉवर पायपिंग कोडप्रमाणे निदान शेड्यूल 80 म्हणजे जाड पाईप लागतो, त्याहून पातळ शेड्यूल 40 चालत नाही. घरच्या पाण्याला एवढं नको, पण माझ्या मते आट्यांच्या जोडाला लाईट नकोच, निदान मीडियम घ्या, आणि पंपाजवळचे तुकडे, भिंतीत गाडायची लाईन आणि छोटी निपलं (दोन्ही टोकांना आटे असलेले तुकडे) हेवीचीच.

सोसायटीच्या कमिटीवाल्यांनो, कोटेशनमध्ये क्लास लिहून घ्या. माल उतरताना पट्टा बघा, पिवळा म्हणजे लाईट, निळा मीडियम, लाल हेवी, आणि कापलेल्या टोकाला व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावा, कारण पट्टा काय, रंगवताही येतो.

आपला,
एक जुना फिटर, बडोदा