पारोळ्याच्या अप्पांना जाहीर धन्यवाद

आदरणीय अप्पा,
सप्रेम नमस्कार.

धुळ्याहून जळगावला लग्नाला निघालो होतो आणि हायवेवरच्या तुमच्या दुकानासमोर भर मे महिन्यात गाडी थांबवली, तो मी. आभार तेव्हाच मानत होतो, पण "जाय भाऊ, लगन चुकी जाई" म्हणत तुम्ही मला पिटाळलंत. म्हणून आता चारचौघांत मानतो.

गाडीतला म्युझिक सेट तापायचा. हात लावला तर चटका बसायचा, आणि मग फ्यूज उडायचा. आधी एका ठिकाणी १० ॲम्पियरचा लाल फ्यूज काढून ३० चा हिरवा बसवून दिला होता, वर "सेट गेला, नवा टाका" हा सल्ला. तुम्ही सगळ्यात आधी तो हिरवा फ्यूज उपटलात. म्हणालात, फ्यूज वायर वाचवायला असतो. एवढा मोठा टाकला तर तो टिकेल आणि वायर पेटेल. मागच्या सीटवर पोरं बसलेली. माझ्या पोटात गोळाच आला.

मग फ्यूजच्या जागी तुम्ही इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडलात. सेट चालू केला की बल्ब लख्ख पेटायचा, म्हणजे कुठेतरी शॉर्ट. सेटमागच्या स्पीकरच्या जोड्या एकेक सोडवत गेलात. पांढरी सोडली, काही फरक नाही. राखाडी सोडली आणि बल्ब एकदम मंद! "सेट चांगला शे, वायरमा गडबड शे."

राखाडी जोडी पुढच्या उजव्या स्पीकरची, म्हणजे ड्रायव्हरच्या दरवाजातली. मीटरची एक पिन त्या तारेला, दुसरी बॉडीला. दरवाजा उघडा असला की मीटर गप्प, लावला की बीप, म्हणजे तार बॉडीला टेकतेय. दोन-तीनदा उघडझाप करून तुम्ही ते मलाच ऐकवलंत. दरवाजा आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत तार घासून उघडी पडली होती. स्पीकरची मायनस तार बॉडीला लागली तर काय बिघडतं, असं मला वाटायचं. पण या सेटमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारांवर साधारण ६ व्होल्ट असतात, त्यातली कुठलीच बॉडीला चालत नाही. लागली की आतला ॲम्प्लिफायर आयसी, म्हणजे आवाज वाढवणारी चिप, तापतो, हे तुम्ही उन्हात उभं राहून समजावलंत.

तार सोल्डर केलीत, वर स्लीव्ह चढवलीत, लाल फ्यूज परत बसवलात. दुकानात नवे सेट टांगलेले होते, अप्पा. एक माझ्या गळ्यात सहज मारता आला असता, आणि मी निमूट घेतलाही असता. तुम्ही फक्त मजुरी घेतलीत, तीही मागे लागल्यावर.

त्यानंतर भुसावळच्या उन्हातही सेट दिवसभर वाजला, फ्यूज शाबूत आहे. आमच्या काकांच्या पिकअपचा हॉर्न मात्र वळण घेताना आपोआप वाजतो. पोळा झाला की ती घेऊन येतो.

आपला,
धुळ्याचा गाडीवाला