नंदू, मार्चमध्ये लेझाँला जाऊ

अंजर्ले,
कोजागरीचा दुसरा दिवस

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू म्हणालास, "बर्फात जाऊन करायचं काय? मला दापोलीची थंडी बाधते." मागे झोडणी चालू होती, भाताचा कोंडा नाकातोंडात जात होता, त्यामुळे धड उत्तर देता आलं नाही. आज पडवीत बसून सगळं लिहितो. पत्र पुरं वाचल्याशिवाय नाही म्हणू नकोस.

स्की, म्हणजे पायांना लांब पट्ट्या लावून बर्फावरून घसरत उतरणं, शिकायला आपण लेझाँला जायचं. स्वित्झर्लंडमध्ये रोन नदीच्या खोऱ्यावर दक्षिणेला तोंड करून बसलेलं हे डोंगरगाव आहे. आपल्याकडे घर बांधताना ऊन-वारा बघतात, तसं हे अख्खं गाव ऊन बघून वाढलेलं. गावाची उंची 1,200 ते 1,450 मीटरच्या आसपास, समोर दरीपलीकडे दाँ द्यु मिदीची शिखरं. त्याचा इतिहास वाचताना मला एकदम तुझे अण्णा आठवले.

1903 साली डॉ. ऑग्युस्त रोलिए यांनी तिथे क्षयरोग्यांसाठी दवाखाना काढला, मुख्यतः हाडांचा नि सांध्यांचा क्षय झालेल्यांसाठी. गुण देणारं औषध तेव्हा नव्हतं. खाटा गॅलरीत आणायच्या आणि रोग्याला ऊन द्यायचं. पहिल्या दिवशी नुसती पावलं, तीही काही मिनिटं. मग रोज थोडं थोडं वर सरकत पोटऱ्या, मांड्या, पोट, छाती. भोवती बर्फ असताना लंगोट लावलेली पोरं उन्हात उभी आहेत, असे त्या काळातले फोटो आहेत. 1943 मध्ये स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध सापडलं आणि पुढच्या काही वर्षांत त्या खाटा रिकाम्या झाल्या. दवाखान्यांच्या इमारतींत हॉटेलं आणि शाळा आल्या. मिरजेच्या वानलेस सॅनिटोरियममधून आल्यावर अण्णा तुमच्या आगरात, विहिरीशेजारी घडवंचीवर सकाळी उन्हात बसायचे, आठवतं? आपण गोट्या खेळायचो आणि त्यांच्यावर सावली पडली की ते हाताने बाजूला व्हा म्हणायचे. त्या गॅलऱ्यांपैकी एखादीखाली तुझ्याबरोबर उभं राहावं असं फार वाटतं. बाकी सगळी कारणं पुढे देतोच, पण पहिलं कारण हे.

तू गुलमर्ग सुचवलंस. गुलमर्ग सुंदर आहे यात शंका नाही, पण ते 2,650 मीटरवर, आणि थंडी तुला नको असलेली तीच. शिवाय मागच्या खेपेचा अनुभव मी विसरलेलो नाही. मनालीच्या वर एका टूरबरोबर गेलो होतो. भाड्याचा ओला कोट, भाड्याचे गमबूट, बर्फावर जेमतेम अर्धा तास, की चला गाडीत. सहा माणसांचे पैसे गेले आणि बर्फावर उभं कसं राहतात ते कुणालाच कळलं नाही. आता एकाच गावात सात दिवस राहायचं आणि रोज सकाळी शिकायचं, एवढंच मला हवं आहे.

आता वेळेचं. फेब्रुवारीत युरोपात शाळांना सुट्ट्या लागतात, उतारांवर गर्दी आणि भाडी चढलेली. जानेवारीत दिवस लहान, आणि इकडे मोहोरावर तुडतुड्यांची फवारणी, मला हलता येत नाही. माझ्या कलमांचा पहिला तोडा पाडव्याच्या आसपास. म्हणून मार्चचा पहिला आठवडा. दिवस मोठा झालेला असतो, ऊन अंगाला लागतं, आणि मी तोड्याच्या आत घरी येतो. धोका आहे तोही सांगतो. गाव उंचीने कमी आणि उतार दक्षिणेचा, त्यामुळे एखाद्या वर्षी मार्चमध्ये खालचा बर्फ पातळ होतो. तसं झालं तर पाळण्याने गावावरच्या 2,048 मीटर उंच बर्नूझ शिखरावर जायचं, आणि अगदीच गरज पडली तर जवळच ले दियाब्लेरे गावाच्या वर 3,000 मीटरपर्यंत बर्फ आहे.

उन्हातला बर्फ आपल्या पुळणीसारखा असतो, म्हणून तो तुला पटकन कळेल. ओहोटीला वाळू अशी घट्ट की सायकल चालते, आणि चार पावलं वर सुक्या वाळूत घोटा बुडतो. तिकडे भरती-ओहोटीचं काम ऊन करतं. दिवसा वरचा थर वितळतो, रात्री गोठतो, म्हणून पहाटेचा बर्फ काचेसारखा कडक. दहाच्या सुमारास वरचा बोटभर थर मऊ होतो, आणि नवशिक्याला शिकायला हीच वेळ. दुपारी दोननंतर त्याची पेज होते, स्की अडकते आणि गुडघा पिळवटतो. तुझ्या डाव्या गुडघ्याचं मला ठाऊक आहे. आपण दुपारी थांबायचं, मग कुणी कितीही आग्रह करो.

पहिले दोन दिवस उतार असा नसतोच म्हणे. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायचं आणि स्कीची टोकं जवळ, मागचे शेंडे लांब, अशी होडीच्या नाळेसारखी पायांची ठेवण करून हळू खाली यायचं. नाळ रुंद केली की वेग कमी. स्वित्झर्लंडमध्ये वाटा निळ्या, लाल, काळ्या अशा चढत्या अवघडपणाने रंगवलेल्या असतात. आठवडाभरात निळीवरून न थांबता उतरता आलं तर मला आनंद होईल. आणि एक नियम आत्ताच पाठ कर: आपल्या पुढे खाली जो आहे त्याचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचं.

उन्हाचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. आपण समुद्रकाठचे, ऊन आपल्याला काय करणार, असं मलाही वाटत होतं. पण वाळू अतिनील किरण साधारण 15 टक्के परतवते आणि ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत. वर चढावं तसं दर हजार मीटरला त्यांचा जोर सुमारे 10 टक्क्यांनी वाढतो. ऊन खालूनही येतं, म्हणून हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेला क्रीम लावायचं. उन्हाच्या काळ्या चष्म्याशिवाय एक सकाळ काढली तरी संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं.

प्रवास सोपा. मुंबईहून मधे एकदा विमान बदलून जिनिव्हा, विमानतळावरूनच आगगाडी एग्लपर्यंत, आणि तिथून दातेरी रुळांची छोटी गाडी अर्ध्या तासात वर. ती 1900 सालापासून चालते. तिकडे जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचे 90 युरो आणि निदान 30,000 युरोचा विमा लागतो. विम्यात हिवाळी खेळ धरलेत का ते स्वतः वाचून बघ. साध्या पॉलिसीत बहुतेक वेळा ते वगळलेले असतात. व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे आपण दिवाळी झाली की लागायचं.

राहायला स्वयंपाकघर असलेली जागा मी बघतोय. कुळथाचं पीठ, मेतकूट, आमसुलं मी आणतो. तूप आणू नकोस, बाहेरून येणारे दुधाचे पदार्थ तिकडे आत नेऊ देत नाहीत. संध्याकाळी कुळथाची पिठी, गरम भात, आणि समोर लाल होत जाणारी शिखरं. मी ते रोज डोळ्यांसमोर आणतो.

मी तयारीला लागलोय. रोज संध्याकाळी सुक्या पुळणीतून खाडीच्या मुखापर्यंत चालतो, येताना गुडघे वाकवून शंभर पावलं. मांड्या भरून येतात. तू पुण्यात जिने चढ आणि भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखा मिनिटभर थांबत जा. पण आधी गुडघा डॉक्टरांना दाखव आणि ते काय म्हणतात ते मला जसंच्या तसं कळव. ते नको म्हणाले तर स्कीशिवाय जाऊ, बर्फातल्या पायवाटा तिथे आहेत. जाणं मात्र रद्द नाही.

आता एक काम लगेच कर. या शेवटच्या कागदाची मागची बाजू मी कोरी ठेवली आहे. त्यावर मोजा घालून पाय ठेव, पेन्सिलीने आखून घे, टाच ते अंगठा सेंटीमीटरमध्ये मोज आणि खाली तुझं खरं वजन, उंची नि वय लिही. बुटांचं माप तिकडे सेंटीमीटरमध्येच असतं, आणि पडल्यावर स्की पायातून सुटायची कळ वजन, उंची, वय बघून लावतात. जाड मोजे घालून मापू नकोस, त्या बुटात एकच पातळ मोजा घालतात. कागद घडी करून परत पाठव. आई तुझी आठवण काढते, दिवाळीत ये म्हणते.

तुझा,
बाबू