बाबांची काठी कापून घे

डनेडिन, न्यूझीलंड, २८ जून

ती. आईस साष्टांग नमस्कार.

सोनीला सांगितलंय की हे पत्र मोठ्या अक्षरात छापून तुझ्या हातात दे, वाचून दाखवू नकोस. ती वाचताना मधलं मधलं गाळते.

परवा दादाशी बोलले. म्हणाला, "आईला आम्ही काडीसुद्धा उचलू देत नाही." इतक्या कौतुकानं म्हणाला की मला पुढे काही बोलवेना. फोन ठेवल्यावर मात्र चिडले. न्हाणीत तुझा पाय घसरला त्याला दोन महिने झाले. मुका मार होता, हाड शाबूत होतं, डॉक्टरांनी चौथ्या दिवशी हिंडाफिरायला सांगितलं होतं. तरी अजून चहा खाटेवर, ताट खाटेवर, तोंड धुवायला तांब्यासुद्धा खाटेपाशी. आणि तू "करतात गं पोरं प्रेमानं" म्हणून गप्प. वहिनीला मी बोल लावत नाही. सासूला उठून पाणी घ्यायला लावलं तर आळीत काय बोलतील, ही धास्ती तिलाच असते, दादाला नसते.

पण आई, हे प्रेम तुझे पाय खातंय. २००७ साली एक प्रयोग छापून आला होता. धडधाकट, वयस्कर माणसांना १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर त्यांच्या पायांचं जवळजवळ किलोभर मांस गेलं. आजारी नव्हती ती माणसं, नुसती पडून होती. तू दोन महिन्यांचा हिशेब कर, गणित शिकवायचीस.

मी इथे फिजिओ म्हणून दिवसभर हेच काम करते, वयस्कर माणसांना उठवून चालतं करायचं. सध्या थंडी आहे. सकाळी गाडीच्या काचेवरचं हिंव खरवडायचं आणि टेकडीवरच्या एकेका घरी जायचं. काल ज्या बाईंकडे गेले त्या ८६ वर्षांच्या, एकट्या राहतात. दारापासून रस्त्यापर्यंत १४ पायऱ्या. त्यांना चहा आणून द्यायला कोणी नाही, म्हणून त्या उठतात. मला वाईटही वाटतं त्यांचं. मी गेले की अर्धा वेळ त्या नुसत्या बोलतात. तो एकटेपणा तुला नको, पण ते उठणं मात्र तुला हवं.

त्यांना जो व्यायाम शिकवते तो इथल्याच ओटागो विद्यापीठात तयार झालेला आहे. १९९७ साली त्याचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. ८० आणि त्यापुढच्या २३३ बायका. त्यांतल्या निम्म्यांना फिजिओनं घरी जाऊन पायांची ताकद आणि तोल यांचे व्यायाम शिकवले, आणि त्या वर्षभरात कमी पडल्या. पुढे असे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी उतरलेलं दिसलं. जास्त फायदा ८० च्या पुढच्यांनाच झाला. तू ७६ ची. तेव्हा "आता या वयात काय" हे वाक्य मला ऐकवू नकोस.

आता आपल्या घरात ते कसं बसवायचं, ते सांगते. बाबांची हातांची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेव. प्लॅस्टिकची नको, ती सरकते. खुर्चीच्या कडेशी ये, पावलं जरा मागे घे, नाक पुढे ने आणि ऊठ. सुरुवातीला खुर्चीच्या हातांचा आधार घेतलास तरी चालेल. बसताना धपकन बसायचं नाही, मांड्यांनी तुला सावकाश खाली उतरवायचं. आधी पाच वेळा, मग दहा. स्वयंपाकघरात ओट्याला धरून टाचा उचल, मग टाचांवर राहून चवडे उचल. मग एका पावलापुढे दुसरं पाऊल, टाच अंगठ्याला चिकटवून, १० सेकंद उभी राहा. वहिनी शेजारी असू दे, पण हात न लावता. इथे घोट्याला बांधायला वजनाचे पट्टे देतात. तू जुन्या पोलक्याच्या कापडाची पिशवी शिव, अर्धा किलो तांदूळ भर, नाड्या लाव. ती घोट्याला बांधून खुर्चीत बसल्या बसल्या गुडघा सरळ करायचा. पिशवी तूच शिवायची, वहिनीनं नाही.

आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सोडून. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर घाबरू नकोस. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र थांब आणि डॉक्टरांना दाखव. बीपीची गोळी घेतेस, म्हणून रात्री उठताना आधी मिनिटभर खाटेच्या कडेला बस. आणि जिना उतरताना तो दुभागी चष्मा काढ किंवा मान खाली घालून वरच्या भागातून बघ. खालच्या भागातून पायरी पुसट दिसते आणि पाऊल चुकतं.

घरी फिजिओला येणारी मुलगी २० मिनिटं करंटचं मशीन लावून जाते, असं सोनी म्हणाली. शेकानं बरं वाटतं, नाही म्हणत नाही. पण नुसतं शेकून पायांत ताकद येत नाही. तिला कदाचित तुमच्याच घरातून कोणी सांगितलं असेल, आईंना त्रास देऊ नका. तिला चहा दे आणि म्हण, मशीन राहू दे, मला जिना चढव. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

आम्ही पेशंटला पहिलं विचारतो, तुम्हाला काय करायचंय? एका आजोबांना फक्त फाटकापर्यंत जाऊन पेपर आणायचा होता. सहा आठवडे आम्ही त्या फाटकामागे लागलो. तुला मी विचारलं नाही, कारण उत्तर माहीत आहे. संकष्टीला घाटावर जायचं, ढोल्या गणपतीला. या संकष्टीला कोपऱ्यापर्यंत, पुढच्या संकष्टीला बाजारापर्यंत. घाटाच्या पायऱ्या दिवाळीनंतर बघू.

रविवारी सकाळी आठला फोन करेन. फोन उशाशी ठेवू नकोस, माजघरात कोनाड्यात ठेव. घाईनं उठू नकोस, मी वाजू देईन.

आणि आता जे सांगायला दोन आठवडे टाळलं ते. बाबांची काठी तुला मोठी होते. व्हिडिओत दिसतं मला, तुझा खांदा कानाला लागतो. ते पाच फूट दहा, तू पाच फूटही नाहीस. चप्पल घालून सरळ उभी राहा, हात सैल सोड, मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी. उजवा गुडघा दुखतो म्हणून काठी डाव्या हातात. दादाला ती कापवणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून सुताराकडे तूच जा. रिक्षानं जा, पण त्याच्या दारातून आत चालत जा. खाली नवीन रबरी बूच बसवून घे. कापलेला तुकडा मात्र टाकू नकोस, माझ्यासाठी ठेव.

कळावे.

तुझी धाकटी

ता. क. दादा, न्हाणीत आई टॉवेलची दांडी धरून उठते. ती दांडी टॉवेलाच्या वजनाची आहे, आईच्या नाही. भिंतीत खोल स्क्रू ठोकून जाड स्टीलचा कठडा बसव, या आठवड्यात.