मंगळाच्या मातीचा अहवाल

रामबाग, इंदूर

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

मंगळाच्या मातीवर प्रकल्प करायचं ठरवलंस हे वाचून फार आनंद झाला. आई म्हणते, आता फोनवर बापलेकीला दुसरा विषय नको.

तू पाठवलेले रोव्हरचे फोटो सुंदरच आहेत. पण माझी सगळी नोकरी माती तपासण्यात गेली, त्यामुळे मला जवळचं वाटतं ते फीनिक्स यान. २५ मे २००८ला ते मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडच्या सपाट प्रदेशात उतरलं आणि जागचं न हलता यांत्रिक हाताने खणू लागलं. पहिला नमुना यानातल्या, माती तापवून तपासायच्या भट्टीच्या जाळीवर टाकला, तर माती खाली पडेचना! नुसती ढेकळं. जाळी पुन्हापुन्हा हलवली, तेव्हा कुठे काही दिवसांनी भट्टी भरली. पावसाळ्यात आपली काळी माती चाळणीला अशीच चिकटून बसते.

चरात फाशांएवढे पांढरे खडे दिसले आणि चार दिवसांत नाहीसे झाले. मीठ असं उडून जात नाही. तो बर्फच होता. हवेचा दाब तिथे आपल्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणून बर्फाचं पाणी न होता थेट वाफ होते. ढगांतून पडणारं हिमसुद्धा जमिनीला टेकण्याआधीच विरलं.

मग यानाने मातीत पृथ्वीवरून नेलेलं पाणी घालून ती ढवळली. अगं, हेच तर आम्ही रोज करतो! पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, निघाला ७.७च्या आसपास. माळव्यातल्या कितीतरी शेतांचा अहवाल असाच येतो. मॅग्नेशियम, पोटॅशियमही सापडलं. पण सोबत अर्ध्या टक्क्याच्या आसपास पर्क्लोरेट, म्हणजे क्लोरीन आणि भरपूर ऑक्सिजन असलेला क्षार. ते थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही, त्यामुळे तिथे मेथी उगवली तरी खाताना विचार करावा लागेल.

माझं ऐकशील तर प्रकल्पाचा भर इथेच दे. १९७६मध्ये व्हायकिंग यानांनी माती तापवून सेंद्रिय द्रव्यं, म्हणजे जीवसृष्टीला लागणारी कार्बनची संयुगं, शोधली, ती मिळाली नाहीत. तापवताना पर्क्लोरेटनेच ती जाळली असावीत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. केवढा मोठा प्रश्न आहे हा!

आणखी एक. मंगळावरचा बहुतेक दगड आपल्यासारखाच बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड. इथे पावसापाण्याने त्याची चिकण काळी माती झाली, तिथे त्यातलं लोह गंजून तांबडी धूळ. दिवाळीला येताना नमुन्याच्या पिशव्या आण. सिमरोळच्या घाटात बेसाल्ट उघडा पडलाय. तिथला दगड आणि त्याची माती, दोन्ही घेऊन येऊ.

तुझे,
बाबा