विमान संकटात होते की नुसते अडचणीत?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पहिल्याच पानावर ‘विमानाचे थरारक इमर्जन्सी लँडिंग, प्रवाशांचे प्राण धोक्यात’ हा मथळा वाचला आणि हातातला चहा तसाच राहिला. उभी हयात हवाई वाहतूक नियंत्रणात, टॉवरमध्ये आणि रडारसमोर गेली, त्यामुळे असा मथळा नुसता नजरेखालून जात नाही. आतली बातमी मात्र एवढीच निघाली, की कॉकपिटमध्ये कसलातरी दिवा लागला, वैमानिकाने आधी उतरू द्या म्हणून सांगितले, विमान उतरले आणि प्रवासी आपापल्या बॅगा घेऊन घरी गेले. थरार कुठे होता ते मला शोधूनही सापडले नाही.

आमच्या कामाची भाषा इंग्रजी. त्या भाषेत जीव टांगणीला लागल्याचे सांगायला डेंजर, पेरिल, रिस्क, हॅझर्ड, जेपर्डी असे ढीगभर शब्द आहेत आणि घरीदारी इंग्रज माणूसही ते हवे तसे वापरतो. हॅझर्ड हे तर मुळात फाशांच्या एका जुगाराचे नाव. रेडिओवर मात्र ही चैन नाही. तिथे पायऱ्या दोनच. पहिली डिस्ट्रेस, म्हणजे धोका गंभीर आहे किंवा अगदी समोर येऊन ठेपला आहे आणि मदत या क्षणी हवी आहे. त्यासाठी वैमानिक ‘मेडे’ हा शब्द तीनदा उच्चारतो. (हा शब्द लंडनजवळच्या क्रॉयडन विमानतळावरचा, शंभरएक वर्षांपूर्वीचा. ‘मला मदत करा’ या फ्रेंच शब्दांच्या उच्चारावरून घेतलेला. मे महिन्याशी त्याचा काही संबंध नाही, हे मला दरवर्षी कोणालातरी सांगावे लागते.) दुसरी पायरी अर्जन्सी. विमानाच्या किंवा आतल्या एखाद्या माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, पण तातडीची मदत लागणार नाही. त्यासाठी ‘पॅन-पॅन’, तेही तीनदा. ‘प्रायॉरिटी’, म्हणजे ‘आम्हाला आधी घ्या’, हा शब्द या दोन्ही पायऱ्यांवर नाही.

हा शब्दच्छल वाटेल, म्हणून एक खरी घटना सांगतो. २५ जानेवारी १९९० रोजी कोलंबियाच्या आव्हियांका कंपनीच्या ५२ क्रमांकाच्या उड्डाणाचे बोइंग ७०७ विमान न्यूयॉर्कला येत होते. हवा वाईट होती. वाटेत तीन ठिकाणी त्याला घिरट्या घालत थांबवले, सगळे मिळून सव्वा तासाहून जास्त. रेडिओवर सहवैमानिक बोलत होता. त्याने कंट्रोलरला सांगितले, की आम्हाला प्रायॉरिटी हवी असे वाटते आणि अजून पाचेक मिनिटेच थांबता येईल. विमान एका कंट्रोलरकडून दुसऱ्याकडे सोपवले जाताना पुढच्या कंट्रोलरपर्यंत पाच मिनिटे पोचली, प्रायॉरिटी पोचलीच नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. कॅप्टनने सहवैमानिकाला स्पॅनिशमध्ये बजावले, त्यांना सांग आपण इमर्जन्सीत आहोत. सहवैमानिक रेडिओवर म्हणाला, ‘वी आर रनिंग आउट ऑफ फ्युएल’. आणि कॅप्टनला म्हणाला, सांगितले.

त्याने खोटे सांगितले नव्हते. पण कंट्रोलरच्या कानाने ऐका. उतरायला आलेल्या प्रत्येकच विमानाचे इंधन संपत आलेले असते. त्या रात्री आकाशात रांग लागलेली, प्रत्येकाला घाई. त्या वाक्यात बाकीचे सगळे सोडून याच विमानाकडे धावावे असा एकही शब्द नव्हता. विमान लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक इथे टेकडीवर कोसळले. आग लागली नाही, कारण पेटायला टाक्यांत इंधनच उरले नव्हते. १५८ पैकी ७३ जण गेले. ‘मेडे’ किंवा ‘इमर्जन्सी’ हा शब्द रेडिओवर शेवटपर्यंत आला नाही. अमेरिकी चौकशी मंडळाने वैमानिकांना दोष दिलाच, पण कमी इंधनासाठी दोन्ही बाजूंना एकाच अर्थाने कळतील असे ठरलेले शब्द नव्हते, हेही अपघाताला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवले. ते शब्द जगभरासाठी ठरायला २०१२ साल उजाडले. आता ‘मिनिमम फ्युएल’ म्हटले की आणखी उशीर परवडणार नाही एवढेच समजायचे, ती इमर्जन्सी नव्हे. ‘मेडे फ्युएल’ म्हटले की मात्र बाकी सगळे बाजूला.

जमिनीवरही अशाच पायऱ्या असतात. विमानात बिघाड आहे पण नीट उतरेल असे वाटत असेल तर ‘लोकल स्टँडबाय’, अपघाताचीच भीती असेल तर ‘फुल इमर्जन्सी’. बंब दोन्ही वेळा सज्ज असतात. बाहेरून पाहणाऱ्या वार्ताहराला बंब दिसतात, पायरी दिसत नाही. ती विचारावी लागते.

गंमत म्हणजे हवाई नकाशावर ‘डेंजर एरिया’ हा सर्वांत सौम्य शिक्का आहे. ‘प्रोहिबिटेड’मध्ये शिरायचेच नाही, ‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये अटी पाळून, आणि ‘डेंजर’ म्हणजे इथे ठरावीक वेळी तोफांचा सराव वगैरे चालतो, बघून जा. आणि आपला ‘धोका’? नोकरीच्या सुरुवातीला लखनौहून आलेला एक सहकारी विजेच्या खांबावरची ‘धोका’ ही पाटी वाचून कितीतरी वेळ हसत होता. त्याच्या हिंदीत त्याचा अर्थ दगाबाजी. खांबाने कोणाला फसवले, म्हणून विचारायचा.

मराठीत हे जमत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. पावसाळ्यात आपलेच दैनिक पंचगंगेची पातळी छापते, तेव्हा राजाराम बंधाऱ्याशी ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी असे काटेकोर लिहिते. ४० फूट पाणी असताना ‘पंचगंगा धोक्याच्या पातळीवर’ असे छापले, तर कोल्हापूरकर दुपारपर्यंत कार्यालयाचा फोन खाली ठेवू देणार नाहीत.

तेव्हा विनंती इतकीच, की पुढच्या वेळी वार्ताहराने विमानतळावर एक प्रश्न विचारावा. वैमानिकाने काय पुकारले होते, मेडे, पॅन-पॅन की दोन्ही नाही? उत्तर मेडे आले तर ‘विमान संकटात’ असे खुशाल छापा. पॅन-पॅन आले तर ‘अडचणीत’ पुरे. आणि दोन्ही नसेल, तर ‘विमान आधी उतरवले’ एवढी दोन ओळींची बातमी आतल्या पानावर चालेल.

आपला,
एक निवृत्त हवाई वाहतूक नियंत्रक, डोंबिवली