थेट सहावीत आलेल्या मुलाला बाराखडी कोण शिकवणार?

महोदय,

अकरा वर्षं मस्कतला काढून आम्ही नागपुरातल्या महाल भागातल्या जुन्या घरी परतलो. पहिले महिने जडच गेले. आईच्या औषधांच्या वेळासुद्धा मला ठाऊक नव्हत्या. तान्हा पोळ्याला, म्हणजे आमच्याकडच्या लहान मुलांच्या पोळ्याला, मात्र मुलाने आजीसोबत लाकडी बैल सजवला, घरोघरी जाऊन बोजारा (खाऊ-पैसे) आणला, आणि त्या दिवसापासून तो या घरचा झाला.

मराठी तो छान बोलतो, पण वाचता येत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली, ते योग्यच. पण परदेशातून थेट सहावीत आलेल्या मुलांना बाराखडीपासून शिकवणार कोण? शाळांनी उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्यासाठी वेगळे वर्ग घ्यावेत. आजोबांनी आजीला लिहिलेली पत्रं माझ्या मुलाला स्वतः वाचायची आहेत.

— एक पालक, महाल, नागपूर