दसऱ्याआधी चित्रपुस्तकं हवीत!

पुण्याला, चाकणला, संभाजीनगरला पोटापाण्यासाठी गेलेल्या आपल्या गावच्या मंडळींना आणि त्यांच्या ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ग्राम वाचनालय समितीचा नमस्कार.

धारूर तालुक्यातल्या आपल्या गावाचं दसऱ्यानंतर काय होतं, हे गावकऱ्यांना सांगायला नको. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली घरं टोळीनं ऊस तोडायला साखर कारखान्याला जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरतात. पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे हंगाम संपल्याशिवाय, परत येणं नाही. काही लेकरं आई-बापासंगं कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, राहायला जातात. जी मागं राहतात ती शाळेच्या हंगामी वसतिगृहात जेवतात आणि रात्री आजीच्या कुशीत झोपतात.

मागच्या हिवाळ्यात या मागं राहिलेल्या लेकरांना संध्याकाळी वाचनालयात बसवायला सुरुवात केली. आमच्याकडं चित्रांचं म्हणावं असं एकच पुस्तक होतं. एका मुलीचा दिवस. आई उठवते, वेणी घालते, डबा भरते, बाबा बसपर्यंत सोडायला येतात, संध्याकाळी सगळे मिळून जेवतात. साधंच. पण दुसरीतली एक पोरगी ‘आई वेणी घालते’ त्या पानावर अडून बसली. पान उलटू देईना. मग म्हणाली, “हिची माय रोजच घरी असती का?” वाचणारा गप्प. शेजारचा पोरगा आदल्या वर्षी कोपीवर राहून आलेला, त्यानं लगेच आपला दिवस सांगायला घेतला. माय अंधारातच उसाच्या फडात जाते, भाकरी टोपल्यात झाकलेली असते, बारक्या भावाला तोच सांभाळतो, आणि रात्री गाडी भरायला आली की आई-बाप पुन्हा उठतात. असं पुस्तक आहे का, असंही त्यानं विचारलं. नव्हतं.

डब्याचं आणि बसचं पुस्तक वाईट, असा याचा अर्थ कुणी घेऊ नका. त्या पोरीनं तेच पुस्तक तीनदा घरी नेलं. पण एका पुस्तकावर हिवाळा निघत नाही, म्हणून हे आवाहन.

गोष्टींची जाड पुस्तकं न मागता रोजच्या दिवसाची चित्रपुस्तकंच का मागतो, तेही सांगतो. उठणं, दात घासणं, न्याहारी, शाळेची घंटा, खिचडी, सुट्टी हा क्रम पहिलीतल्या लेकराला पाठ असतो. पुढच्या पानावर काय असणार याचा अंदाज बांधत बांधत ते अक्षर ओळखायला लागतं. शेजारच्या बंजारा तांड्यावरची लेकरं घरी त्यांची गोरबोली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना आधी चित्रातूनच कळते. आणि आज्या. आपल्या गावच्या बऱ्याच आज्यांना वाचता येत नाही, पण चित्र बघून बोलायला कुणाची हरकत आहे? एका आजीनं त्या पुस्तकातल्या स्वयंपाकघरावरून नातीला स्वतःच्या लहानपणीच्या जात्याची अशी काही हकीकत सांगितली, की दुसऱ्या दिवशी पोरगी आम्हालाच शिकवत होती. घरी नेलेलं पुस्तक घरात कुणीतरी उघडलं पाहिजे, हा आमचा खरा हिशेब आहे.

तर चार ते आठ वर्षांच्या लेकरांसाठी, मोठ्या अक्षरातली, पानावर दोन-चार ओळींची मराठी चित्रपुस्तकं द्या. घर, आजी-आजोबा, बारकं भावंडं, शाळेचा पहिला दिवस, बाजार, शेत, आजारपण, आई-बाबांची वाट बघणं, असे विषय. तुमच्या पोरांनी वाचून झालेली चालतील, फक्त पानं धड असावीत. राष्ट्रीय पुस्तक न्यासाची आणि प्रथम बुक्सची पुस्तकं स्वस्तात मिळतात. शंभर-दीडशे झाली तर दोन पेट्या भरतील. एक वाचनालयात ठेवू, एक वसतिगृहात.

गेल्या वेळी आवाहन केलं तेव्हा दहावीची गाईडं, तलाठी भरतीचे संच आणि एक जुना पंचांगाचा गठ्ठा आला होता. देणाऱ्याच्या भावनेचा मान ठेवून सांगतो, यंदा ते नको.

रोख पैसेही नकोत. हिशेब ठेवायला आमच्याकडं माणूस नाही आणि गावात पैशावरून बोलणं व्हायला वेळ लागत नाही. द्यायचेच असतील तर पुस्तकविक्रेत्याकडं भरा आणि पुस्तकं इकडं पाठवायला सांगा. पोस्टानं पाठवणाऱ्यांसाठी टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ ही सोय मे २०२५ मध्ये सुरू झाली आहे. सुरुवातीच्या दरानं पाच किलोपर्यंतचं पार्सल १०० रुपये अधिक करात जात होतं. आजचा दर खिडकीवर विचारून घ्या. कुरिअरच्या नादी लागू नका, ते धारूरपर्यंत येतं आणि तिथंच मुक्काम करतं.

ज्यांची छपाईची ओळख आहे त्यांच्यासाठी वेगळं काम आहे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीविव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मुक्त परवान्याची चित्रपुस्तकं आहेत. ती उतरवून घेऊन, लेखक-चित्रकाराचं नाव तसंच ठेवून छापता येतात. अंबाजोगाईत किंवा बीडला कुणी वीस-पंचवीस पुस्तकं रंगीत छापून पिना मारून दिली, तर पुष्कळ झालं.

आणि चित्र काढणारं कुणी असेल तर चार दिवस गावी या. त्या पोरानं सांगितलेला कोपीवरचा दिवस आम्ही त्याच्याच बोलीत वहीत उतरवून ठेवलाय. चित्रं लेकरंच काढतील, पण उसाची मोळी डोक्यावर घेतलेला माणूस कागदावर कसा उभा करायचा हे दाखवायला कुणीतरी हवं. राहण्या-जेवणाची सोय आमच्याकडं. भाकरी-पिठलं चालत असेल तर अडचण नाही.

पुस्तकं १७ सप्टेंबरपर्यंत पोचावीत. त्या दिवशीच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला अजून सगळे आई-बाप गावात असतात. त्या दिवशी पेट्या त्यांच्यासमोर उघडू आणि पहिलं पुस्तक लेकरांनी त्यांनाच वाचून दाखवावं, असं ठरलंय. पत्ता ज्यांच्याकडून हे आवाहन तुमच्यापर्यंत आलं त्यांच्याकडंच मागा. गावी येणार असाल तर वाचनालय संध्याकाळी ५ ते ७ उघडं असतं. कुलूप दिसलं तर शेजारच्या पिठाच्या गिरणीत पुस्तकं ठेवा, गिरणीवाल्याला सांगून ठेवलंय.